गाणं लावणार कोण?

हॉस्टेलमध्ये काही वाद कधीच मिटत नाहीत. मेसची आमटी इतकी पातळ का, मेकॅनिकल भारी की इलेक्ट्रॉनिक्स, आणि साताऱ्याचा कंदी पेढा श्रेष्ठ की सांगलीचं भडंग! यंदा या यादीत एका वादाची भर पडली आहे. गाणी ऐकायला कॉम्प्युटर चांगला की सीडी प्लेयर?

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात सीडी प्लेयर कोण विचारतो? पण मंडळी, जुन्या वस्तूंना पुन्हा भाव आलाय. कोणी जुन्या बाजारातून डेक उचलून आणतं, कोणी काकांच्या माळ्यावरचा खोका उतरवतं, आणि मग सुरू होतं, "सीडीचा साउंड तो सीडीचा साउंड! लॅपटॉपला ती मजा नाही." दुसरी पार्टी लगेच सरसावते, "अगं, सगळे झिरो आणि वनच ना? डबा कशाला हवा?"

मी मूळची साताऱ्याची, शिक्षणासाठी सांगलीत. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी विभागात लिहिते म्हटल्यावर मैत्रिणींच्या भुवया उंचावल्या. पण या विषयावर मला मनापासून काही सांगायचंय. माझं मत आधीच सांगून टाकते. आवाजापुरतं बोलायचं तर 'झिरो-वन'वाली पार्टी बरोबर आहे. पण हा वाद मुळात आवाजाचा नाहीच!

आधी आवाजाचा हिशेब मिटवू. पहिला सीडी प्लेयर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. मानक ठरवलं होतं सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहायचं. डावा-उजवा मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. ४४,१०० हा आकडा का? 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'च्या लेक्चरला जागे असलेल्यांना आठवेल, की जेवढी फ्रिक्वेन्सी पकडायची त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा माप घ्यावं लागतं. माणसाचा कान फार फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो (आणि वय वाढेल तसा त्याहून कमीच). म्हणजे सीडीवर कानाला पुरेल इतकं सगळं आहे.

आता हेच आकडे डिस्कवरून काढून हार्ड डिस्कवर ठेवले तर ते बदलतात का? नाही. 'फ्लॅक' नावाचा फॉरमॅट २००१ पासून मोफत उपलब्ध आहे. तो फाइल साधारण निम्म्यावर आणतो आणि उलगडताना एकही बिट हरवत नाही. झिप फाइलसारखंच म्हणा ना. उलट गंमत अशी की डिस्क वाचण्यात कॉम्प्युटर प्लेयरपेक्षा सरस ठरू शकतो. प्लेयरला गाणं चालू ठेवायचं असतं. ओरखडा आला की तो डिस्कवरच्या जादा बिटांवरून चूक दुरुस्त करतो. ओरखड्याने गिळलेला तुकडा साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत असेल तर सगळं जसंच्या तसं परत मिळतं. त्यापुढे मात्र आजूबाजूची मापं बघून तो अंदाजाने जागा भरतो. कॉम्प्युटरला घाई नसते. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखं सॉफ्टवेअर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि खात्री पटली तरच पुढे सरकतं.

मग डबा पार्टीला फरक ऐकू येतो तो काय भास? सगळाच भास नाही. कॉम्प्युटर नेमका कुठे माती खातो ते बघू.

एक म्हणजे आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप, म्हणजे डॅक. ती मदरबोर्डवर असते, शेजारी प्रोसेसर, ग्राफिक्स आणि पंख्याचा गोंगाट. स्वस्त मशीनला इअरफोन लावून माउस हलवा, कधी कधी बारीक चिरचिर चक्क ऐकू येते! दुसरं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिला गाणं, व्हिडिओ आणि मेसेजचं 'टिंग' हे सगळं एकत्र कालवायचं असतं, म्हणून ती सगळ्यांना एकाच सॅम्पल रेटवर आणते. बऱ्याचदा तो ४८,००० असतो, आणि सीडीचे ४४,१०० वाटेतच बदलले जातात. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फाइलच मुळात हलकी असते. १२८ केबीपीएसची एमपीथ्री म्हणजे सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्श्याचा डेटा. दुधाची तहान ताकावर!

ऐकायचंच असेल तर मिरजेला जा. सांगलीतून सिटी बस आहे, निमित्त कशाला हवं? मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात तानपुरा छेडलेला जवळून ऐका. एका तारेतून स्वरांचं अख्खं मोहोळ उठतं, त्याला जवारी म्हणतात. मग खोलीवर येऊन कुठल्यातरी जुन्या एमपीथ्रीतला तानपुरा ऐका. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये पहिली झळ बसते ती अशाच बारीक गोष्टींना.

पण या तिन्ही रोगांवर औषध आहे. हजार-दोन हजारांत बाहेरून लावायचा बऱ्यापैकी यूएसबी डॅक मिळतो. प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये 'एक्सक्लुझिव्ह मोड' चालू केला की सिस्टिमचा कालवाकालवीचा कारभार बंद. आणि फाइल फ्लॅक ठेवायची. एवढं केलं की कॉम्प्युटर आणि चांगला सीडी प्लेयर यांच्यात फरक ओळखून दाखवा! तुलना करताना दोन्हींचा आवाज नीट मोजून सारखा ठेवा, कारण जो किंचित मोठा असतो तोच कानाला 'चांगला' वाटतो. आणि कुठलं काय चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नका. एवढं करूनही खोलीत भिंतीला चिकटवलेले स्पीकर असतील तर दोष डिस्कचा नाही आणि लॅपटॉपचाही नाही. नाचता येईना अंगण वाकडं!

शिवाय खरं सांगायचं तर, आपल्याकडे ज्याला घरोघर 'सीडी प्लेयर' म्हणत, तो बहुतेक वेळा टीव्हीखालचा व्हीसीडी नाहीतर डीव्हीडी प्लेयर असायचा. त्यात घालायची डिस्क म्हणजे स्टँडवर मिळणारी, एकात दीडशे गाणी असलेली एमपीथ्री. तेव्हा 'सीडीचा साउंड' म्हणून ज्याची आठवण काढून गहिवर येतो, तो बऱ्याच घरांत १२८ केबीपीएसचाच होता.

आवाजाचा निकाल लागला. म्हणजे कॉम्प्युटर जिंकला, डबा भंगारात? इथेच मला थांबायचंय.

आमच्या साताऱ्याच्या घरात एकशेवीसच्या आसपास सीडी आहेत. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, थोडं शास्त्रीय. यातल्या निम्म्याहून अधिक आजीच्या. शाळेत मी प्रेयर आणि कॅरोल्स म्हणायचे, आणि घरी येऊन दप्तर टाकलं की आतल्या खोलीतून आजीचं गाणं चालू असायचं. मला कोणी मराठी गाणी बसून शिकवली नाहीत. ती घरात वाजत होती म्हणून कानावर पडली. आज हा लेख मराठीत लिहितेय त्याचं निम्मं श्रेय त्या सीडींना आहे.

आजीला मोबाइलवर फोन उचलता येतो, बाकी काही नाही. पण सीडी प्लेयर ती एकटी चालवायची. आईने प्लेच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला होता. डिस्क कुठली ते ती कव्हरच्या रंगावरून ओळखायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तेव्हासुद्धा तिने कोणाला हाक मारली नाही. पहाटे साडेपाचला अभंग सुरू व्हायचे, आणि आमच्या घराचा दिवस आजीच्या हाताने उगवायचा.

मग प्लेयरची लेन्स गेली. मेकॅनिकने सांगितलं, पार्ट मिळत नाही. बाबांनी विचार केला तो अगदी योग्यच होता. सगळ्या सीडी लॅपटॉपवर घेतल्या, ब्लूटूथ स्पीकर आणला. आवाज पूर्वीपेक्षा चांगला, ओरखड्यांची कटकट नाही, जागाही वाचली. इंजिनिअर म्हणून मी या निर्णयाला पैकीच्या पैकी मार्क देईन. पण आता पहाटे साडेपाचला आमच्या घरात काही वाजत नाही. लॅपटॉप उघडा, पासवर्ड टाका, स्पीकर जोडा, फोल्डर शोधा... हे आजीच्याने होत नाही. ती कोणीतरी उठायची वाट बघते. उठल्यावर म्हणते, "राहू दे गं, तुमची कामं करा." गाणी सगळी आहेत. एकसुद्धा हरवलं नाही. फक्त ती आता आजीची राहिली नाहीत. आम्ही लावली तर ती ऐकते.

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. घरात गाणं लावायची सत्ता कोणाच्या हातात? पूर्वी रेडिओला एक गोल खटका होता. आकाशवाणीचं सांगली केंद्र लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती. टेपला पाच-सहा बटणं, सीडी प्लेयरला तेवढीच. प्रत्येक यंत्राला एकच काम होतं, म्हणून घरातला प्रत्येक माणूस त्याचा मालक होता. कॉम्प्युटरला शंभर कामं. म्हणून तो ज्याला शंभर गोष्टी येतात त्याचाच होऊन राहतो. आणि तो तरुण माणूस बहुधा हेडफोन लावून ऐकतो. म्हणजे दप्तर टाकणाऱ्या पुढच्या पोरीच्या कानावर काहीच पडत नाही!

ही माझ्याच घरची गोष्ट आहे असं वाटत असेल तर बाजाराकडे बघा. मुंबईतलं काळाघोड्याचं नावाजलेलं 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झालं. सीडीचा जमाना संपला असं सगळ्यांनी लिहिलं. आणि २०१७ मध्ये सारेगामाने 'कारवाँ' आणला. जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत पाच हजार हिंदी गाणी भरलेली, समोर फिरवायचा खटका. मराठी गाण्यांचाही निघाला. मुलांनी आई-वडिलांना भेट म्हणून तो धडाधड घेतला. हा डबा उघडला तर आत काय? एक चिप आणि मेमरी. म्हणजे आत कॉम्प्युटर, बाहेर डबा! लोकांना डिस्क नको होती, पण एका कामाचं यंत्र हवं होतं, हे त्या खपातून दिसलं. त्यात उणीव एवढीच की गाणी कंपनीने निवडलेली. पेनड्राइव्ह लावता येतो, पण त्यातून नेमकं हवं ते शोधणं पुन्हा आजीच्या आवाक्याबाहेर.

'मग ऑनलाइन ऐका की, सगळं आहे तिथे.' खरंच सगळं आहे? करार संपला की कालपर्यंत असलेलं गाणं यादीतून नाहीसं होतं. आणि जे आहे त्याची ओळख हरवते. हे ॲप्स तीन प्रश्न विचारतात : गाणं, आर्टिस्ट, अल्बम. आता सांगा, 'संगीत मानापमान'मधल्या पदाचा 'आर्टिस्ट' कोण? १९११ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक आपल्या सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, त्या काळी म्हटलं एकाने, रेकॉर्ड केलं दुसऱ्याने. शिवाय राग, ताल, तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण? सीडीच्या आतल्या छोट्या पुस्तिकेत बऱ्याचदा हे सगळं छापलेलं असायचं. ॲपच्या चौकटीत ते बसत नाही, म्हणून गळून जातं.

तेव्हा माझं म्हणणं दोन्ही पार्ट्यांना अर्धं अर्धं पटेल असं आहे.

पहिलं, सीडींची कॉपी करा, आत्ताच. पूर्ण भरलेली ७४ मिनिटांची डिस्क ७८० एमबीच्या आसपास, फ्लॅक केली की सुमारे ४००. आमच्या एकशेवीस डिस्का ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. पण पेनड्राइव्ह एकच नको, दुसरी कॉपी दुसऱ्या घरी. पुस्तिकांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. घरी राइट केलेल्या सीडी सगळ्यात आधी घ्या, कारण त्यांतला रंगाचा थर काळाने उडतो. कंपनीच्या छापील डिस्का त्या मानाने जास्त टिकतात.

दुसरं, कॉपी झाली म्हणून डिस्का टाकून देऊ नका. सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना! गावभागात राहणाऱ्या आमच्या मावशीच्या तळमजल्यात पाणी शिरलं. कॉम्प्युटर गेला, कॅसेटी चिखलाने भरल्या, पुस्तिकांचा लगदा झाला. सीडी मात्र मावशीने नळाखाली धुतल्या, मधून कडेकडे अशा मऊ फडक्याने पुसल्या, आणि बहुतेक सगळ्या वाजल्या. पाण्यातून काढलेली हार्ड डिस्क नळाखाली धुऊन चालवून दाखवा बरं!

मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे. तबकडीवरून तो टेपवर, टेपवरून सीडीवर, सीडीवरून फाइलमध्ये आला. प्रत्येक वेळी कोणीतरी नवीन यंत्रावर कॉपी केली, आणि कोणीतरी जुनी तबकडी जपून ठेवली. दोघांचीही गरज होती.

आणि तिसरं, आपण इंजिनिअर आहोत ना? मग आजीसाठी एक डबा बनवायला काय हरकत आहे? एक रास्पबेरी पाय, बरा डॅक, जुने स्पीकर आणि आरएफआयडी रीडर. प्रत्येक सीडीच्या कव्हरचा फोटो चिकटवलेलं एक कार्ड. कार्ड डब्यावर ठेवलं की ती सीडी सुरू, उचललं की बंद. ना स्क्रीन, ना पासवर्ड, ना 'टिंग'. आवाजाचा एक खटका, बस्स. आतून फ्लॅक, बाहेरून डिस्क लावल्याचं सुख! दरवर्षी प्रोजेक्टला किती लाइन फॉलोअर रोबो होतात? त्यांतला एक कमी झाला तर डिपार्टमेंटचं काही बिघडणार नाही. सरांनी मनावर घेतलं तर पुढच्या सेमिस्टरला मी नाव द्यायला तयार आहे. पार्टनर हवी आहे, सोल्डरिंग येणारी असली तर उत्तम.

मित्रमैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्याची साफसफाई निघेल. जुना प्लेयर आणि डिस्कांचा खोका भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढायच्या बेतात असेल. नाही म्हणा असं मी सांगत नाही. फक्त आधी एवढं विचारा, की घरात हे लावायचं कोण? आणि आता त्या माणसाने काय करायचं? उत्तर नसेल तर खोका अजून थोडे दिवस माळ्यावरच राहू दे.

बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स